छत्तिसावा दिवस वाचवू या

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातला उपचार पस्तीस दिवसांचा असतो. पहिले काही दिवस अंगातलं विष उतरण्यात जातात. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, कुणाला भास होतात, कुणाला फिट येते. मग हळूहळू जेवण जायला लागतं, रात्री डोळा लागतो, गटात बसून बोलायला तोंड उघडतं. पस्तीस दिवसांनी माणूस बऱ्या चेहऱ्यानं बाहेर पडतो, घरचे न्यायला आलेले असतात. छत्तिसाव्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या घरात जागा होतो आणि त्याच्यापुढे अख्खा रिकामा दिवस पसरलेला असतो. गुत्ता आहे तिथंच आहे, जुने सोबती आहेत तिथंच आहेत, उधारी मागणारेही तिथंच आहेत. नाही ते फक्त काम, कारण ते दारूपायी आधीच गेलेलं असतं.

मला बोलायचं आहे ते या छत्तिसाव्या दिवसाबद्दल आणि त्याच्या पुढच्या वर्षभराबद्दल. उपचारानंतर माणसाला धरून ठेवणारी एक सेवा असते. आठवड्याची बैठक, घरी येऊन विचारपूस करणारा समाजसेवक, मालकाशी बोलून कामाला लावून देणारा कार्यकर्ता, बायकांचा गट, रात्री अकरा वाजताही उचलला जाणारा फोन. ही सेवा आपल्याकडे तुटपुंज्या देणग्यांवर आणि मूठभर माणसांच्या चिकाटीवर तगून आहे. पैसा आटला की आधी तीच बंद पडते. खाटा मोजता येतात, त्यांचा फोटो काढता येतो, अहवालात आकडा भरता येतो. मंगळवारी संध्याकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात पंधरा माणसं बसली आणि त्यामुळे त्या रात्री पंधरा घरांत भांडण झालं नाही, याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? म्हणून ती होत नाही, आणि नोंद नसलेल्या गोष्टीला अनुदान मिळत नाही. ही सेवा वाचवली पाहिजे. ती वाचवणं आपल्या हातात आहे, असं मी पूर्ण विश्वासानं सांगतो.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या त्रासापायी मदतीची गरज असलेली माणसं देशात ५ कोटी ७० लाखांच्या घरात आहेत, असं तो सांगतो. त्यातले जे दारूच्या पुरते आहारी गेलेले आहेत, त्यांच्यापैकी ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस तर १८० जणांत एक. म्हणजे केंद्राच्या फाटकातून पिशवी घेऊन बाहेर पडणारा प्रत्येक जण हा त्या १८० जणांतला एक असतो. त्याला तिथवर आणायला कुणाच्या तरी बायकोनं मंगळसूत्र गहाण टाकलेलं असतं, आईनं हातापाया पडून त्याला तयार केलेलं असतं. एवढ्या मुश्किलीनं विहिरीतून वर काढलेल्या माणसाला काठावर ओलाचिंब सोडून आपण निघून जातो, आणि तो पुन्हा घसरला की म्हणतो, याचं काही खरं नाही.

मुक्तांगणचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. १९८०च्या दशकात पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, चांगल्या घरच्या पोरांपर्यंत पोचली होती. अनिल अवचटांनी त्या मुलांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू केलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेलं. हा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. तिथले कितीतरी कार्यकर्ते आणि समुपदेशक हे एके काळचे तिथलेच रुग्ण आहेत. नव्यानं आलेल्या माणसाचा हात थरथरताना पाहून त्यांना पुस्तक उघडावं लागत नाही. आणि ज्याला बाहेर कुणी दारात उभं करत नव्हतं, त्याला शुद्धीत राहून केलेलं पहिलं काम त्या केंद्रातच मिळालं. रोजगार हा व्यसनमुक्तीचा शेवटचा टप्पा आहे असं आपण समजतो. या मंडळींनी तो उपचारातच गुंफला.

मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं आणि बी. के. एस. अय्यंगार यांचा योग व्यसनमुक्तीच्या कामात आणला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे सगळे जिला नुसतं ‘एए’ म्हणतात तिच्या, बैठका महाराष्ट्रात गावोगाव मराठीतून चालतात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूनं खचलेले, एकमेकांशी बोलत बसले, तिथून ही चळवळ निघाली. फी नाही, अर्ज नाही, नाव सांगायची सक्ती नाही. ‘फक्त आजचा दिवस’ प्यायची नाही, एवढाच निर्धार. आणि ही मंडळी बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत. सभासद टोपी फिरवून जे जमेल त्यात भागवतात. त्यांना हवी असते ती फक्त खोली. ती मिळवताना काय यातायात होते, हे मी जवळून पाहिलेलं आहे. ‘बेवड्यांची सभा आमच्या वर्गात नको’ असं तोंडावर सांगितलं जातं. त्या खोलीत येणारा माणूस न पिता येतो, न पिता जातो, आणि आपण खुर्च्या मांडतो त्यापेक्षा नीट मांडून जातो.

आता कामाकडे येतो, कारण सगळं तिथंच अडतं.

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं आपण सिंधूसाठी डोळे पुसत आलो. पण त्यातल्या सुधाकराची वाट जरा नीट आठवा. तो हुशार वकील असतो. कोर्टातल्या अपमानानंतर त्याची सनद काही काळासाठी जाते, हाताला काम उरत नाही, आणि त्या रिकामपणात तळीरामाचा पहिला पेला येतो. मधे एकदा तो दारू सोडायचं मनावर घेतो, ओळखीपाळखीच्या प्रतिष्ठितांकडे नोकरी मागायला जातो, आणि तिथून त्याला हिणवून परत पाठवलं जातं. मग तो पुन्हा प्यायला बसतो. गडकऱ्यांनी तेव्हाच दाखवून ठेवलं होतं की माणूस एकदा दारूनं पडतो आणि दुसऱ्यांदा दारातून परतवल्यामुळे पडतो. पहिल्या पडण्यावर आपण भरपूर भाषणं केली. दुसऱ्याला जबाबदार आपणच आहोत, म्हणून त्यावर बोलणं टाळलं.

कामामुळे नेमकं काय होतं? सकाळी उठायला कारण मिळतं. दुपारी डबा खाताना शेजारी कुणी असतं. संध्याकाळी अंग दमलेलं असतं आणि खिशात स्वतःच्या कमाईचे पैसे असतात. मुलगा शाळेत वडिलांच्या कामाचं नाव सांगू शकतो. बैठकांतले जुने जाणते चार धोके बोटांवर मोजून दाखवतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं काही अंगावर आलं की घोट आठवतो. नीट काम मिळालं तर पहिले तिन्ही आवाक्यात राहतात. चौथा मात्र वाढू शकतो, म्हणून कुठलंही काम गळ्यात मारून भागत नाही. पहिले काही महिने रात्रपाळी नको. बाहेरगावच्या साइटवर, पत्र्याच्या खोलीत दहा जणांबरोबर राहणं नको. पगार रोख हातात नको, कारण पगाराचा दिवस हा सगळ्यांत वाईट दिवस असतो. बारमध्ये वाढप्याची किंवा वाइन शॉपसमोर हातगाडी लावायची नोकरी तर अजिबात नको. या बारीकसारीक गोष्टी कुठल्याच शासकीय परिपत्रकात मिळणार नाहीत. त्या पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्याला ठाऊक असतात. त्याचा महिन्याचा पगार कारखान्यातल्या हेल्परपेक्षा कमी असतो, आणि निधी आटला की पहिली त्याची जागा जाते.

माझ्या ओळखीत एक वेल्डर आहे. हात इतका सफाईदार की त्यानं मारलेला टाका घासावा लागत नाही. पण सोमवारचा खाडा ठरलेला, उचल घेऊन गायब होणं ठरलेलं. तीन वर्कशॉपनी काढून टाकलं होतं. उपचार घेऊन आला तेव्हा केंद्राचा कार्यकर्ता त्याला बरोबर घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेला. काही लपवलं नाही. मालकाला सगळं सांगितलं, आणि अडचण आली तर आधी मला फोन करा, एवढंच मागितलं. मालक म्हणाला, ‘‘बघतो आठ दिवस.’’ ठरलं ते असं: गुरुवारी सहाला त्याला बैठकीसाठी सोडायचं, पगार बायकोच्या खात्यावर जमा करायचा, उचल द्यायची नाही.

खंडेनवमीला त्या वर्कशॉपमध्ये मशिनरीची पूजा होते आणि संध्याकाळी मटणाचं जेवण. दरवर्षी जेवणाआधी बाटल्या यायच्या. त्या वर्षी मालकानं आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं की जेवण भरपूर, बाटली नाही. कुणासाठी हे सगळ्यांना कळलं होतं. कुरकूर झाली, पण एकाही पोरानं त्याला त्यावरून डिवचलं नाही. पुढे चुलत भावाच्या हळदीत हा घसरला. चार दिवस कामावर आला नाही. पूर्वीचा मालक असता तर हिशेब करून मोकळा झाला असता. या मालकानं कार्यकर्त्याला फोन लावला. कार्यकर्ता घरी गेला, डॉक्टरांकडे नेलं, आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा होल्डर हातात धरून उभा होता. आज त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकतात. त्यातला एक त्याच केंद्रातून आलेला आहे.

घसरण्याला ही माणसं ‘स्लिप’ म्हणतात, आणि ती आजाराचा भाग असते. साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या माणसाला आपण नोकरीवरून काढत नाही. एक खाडा पडल्यावर पहिला फोन कुणाला जातो, कार्यकर्त्याला की हिशेबनिसाला, यावर पुढचं सगळं ठरतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या दारू-ड्रग्जच्या प्रश्नाबाबत आचारसंहिता प्रसिद्ध केली. या प्रश्नाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहा, मदत मागणाऱ्या कामगाराशी भेदभाव करू नका, हा तिचा गाभा आहे. मोठ्या कारखान्यांत कामगार अधिकारी आणि युनियन मिळून एखाद्याला उपचाराला पाठवतात, रजा देतात, जागा राखतात. कंत्राटी कामगाराला यातलं काही मिळत नाही. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याला, रिक्षावाल्याला, मुकादमाच्या हाताखालच्या ऊसतोड मजुराला पस्तीस दिवसांची रजा कोण देणार? त्याचा उपचार म्हणजे पस्तीस दिवसांची बुडालेली मजुरी. या माणसांसाठी पाठपुरावा सेवा ही एकच आशा आहे. ती गेली तर त्यांच्यासाठी दुसरं कुणी नाही.

बाईचं दुखणं आणखी झाकलेलं. मुक्तांगणनं ‘निशिगंध’ नावाचा स्त्रियांसाठी वेगळा विभाग सुरू केला, कारण पुरुषांच्या केंद्रात बाईला कुणी पाठवत नाही आणि ती पिते हे घर कबूलच करत नाही. ती बरी होऊन आली तरी तिला कामावर ठेवायला कुणी धजत नाही, घरकामाला तर नाहीच. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथं बाया शिकतात की नवऱ्याच्या पिण्याचा दोष आपला नाही, की त्याचं कर्ज आपण फेडत बसायचं नाही, की आपल्या नावाचं बँक खातं हवंच. एक माणूस दारूतून बाहेर येतो तेव्हा हिशेब एकट्याचा नसतो. पोरीची शाळा सुटत नाही, किराणावाल्याची वही मिटते, चाळीतल्या रात्रीच्या शिव्या थांबतात, सासू-सासऱ्यांची औषधं वेळेवर येतात. ज्या आळीत अशी चार घरं सावरतात, तिथल्या बाकीच्या घरांचं धैर्य वाढतं.

गडचिरोलीनं हे जिल्ह्याच्या पातळीवर करून दाखवलं. लोकांच्या आंदोलनातून तिथं १९९३ मध्ये दारूबंदी झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था त्यात पहिल्यापासून होती. पण बंदीनं व्यसनी माणूस बरा होत नाही, हे त्यांनी ओळखलं. पुढे ‘मुक्तिपथ’ उपक्रमातून गावागावांत संघटना उभ्या राहिल्या, आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय, गावात शिबिरं, असं काम सुरू झालं. आडवी बाटली करायला, म्हणजे दारूचं दुकान बंद पाडायला, बायका मतदानाला उतरतात तेव्हा आपण त्यांचं कौतुक करतो. दुकान बंद झाल्यावर गावातल्या पिणाऱ्यांचं काय, त्यांना उपचाराला कुणी न्यायचं, परत आल्यावर शेतात, दुकानात, ग्रामपंचायतीच्या कामावर कुणी घ्यायचं, याचं उत्तरही गावालाच द्यावं लागतं. जिथं गाव ते देतं, तिथं बंदी टिकते.

एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला कोंडून मारहाण करणारी केंद्रं आपल्या राज्यात चालली आहेत, तिथं जीवही गेले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून होणाऱ्या मानसिक विकारांचा समावेश आहे, आणि अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. माणसाला दाखल करण्यापूर्वी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणून मागा. डॉक्टर कोण ते विचारा. घरच्यांना भेटू देतात का ते विचारा. आणि शेवटी हेही विचारा: बाहेर पडल्यावर तुम्ही काय करता? ‘‘पैसे भरा, परत घेऊन या’’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. या बुवाबाजीमुळे खऱ्या केंद्रांचं नाव खराब होतं. असली कोंडवाड्यासारखी केंद्रं बंद झाली पाहिजेत, आणि चांगली जगली पाहिजेत.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्राला दारूवरच्या करातून वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात. तो पैसा ज्या घरांतून येतो, त्यातली काही घरं मोडलेली आहेत. त्यातला ठरावीक हिस्सा उपचारासाठी आणि उपचारानंतरच्या वर्षभराच्या सेवेसाठी कायद्यानं बाजूला काढला जावा, ही मागणी अवाजवी नाही. केंद्रांचं अनुदान वर्ष उलटून गेल्यावर नको, वेळेवर हवं. आणि अहवालात खाटांबरोबर आणखी एक रकाना हवा: वर्षभरानं किती जण कामावर आहेत? हा रकाना आला की पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार आपोआप ‘फालतू खर्च’ या यादीतून बाहेर येईल. येत्या अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना एवढं एकच पत्र लिहा. संस्थेच्या लेटरहेडची वाट पाहू नका, साध्या कागदावर लिहा, गल्लीतल्या पाचपन्नास सह्या घ्या.

कारखानदारांनो, २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक कामासाठी काढावा लागणारा पैसा, म्हणजे सीएसआर, तुम्ही झाडं लावायला, शाळा रंगवायला देता. त्यातून एका पाठपुरावा कार्यकर्त्याचा दोन वर्षांचा पगार उचला. आणि त्याहून मोठी गोष्ट: वर्षातून एक जागा केंद्रातून आलेल्या माणसाला द्या. छोट्या वर्कशॉपवाल्यांनो, गॅरेजवाल्यांनो, बेकरीवाल्यांनो, छापखानेवाल्यांनो, तुमच्याकडे सीएसआर नसतो, पण ‘बघतो आठ दिवस’ म्हणायची ताकद असते. तेवढी वापरा. कार्यकर्त्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, पगार खात्यावर टाका, बैठकीच्या दिवशी सहाला सोडा.

मुख्याध्यापकांनो, मंदिरांच्या विश्वस्तांनो, गणेश मंडळांनो, नगरसेवकांनो, आठवड्यातून दोन तास एक खोली द्या. मंडळाचं कार्यालय वर्षातले दहा दिवस गजबजतं आणि बाकी वर्षभर कुलूप लावून असतं. पंधरा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा माठ एवढंच लागतं.

ज्यांच्या स्वतःच्या घरात हे चालू आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १४४४६ आहे, तो फुकट लागतो. बाकी सगळ्यांनी या आठवड्यात जवळच्या नोंदणीकृत केंद्राला फोन करून एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडून बाहेर पडलेल्यांसाठी आत्ता काय कमी पडतंय? कुणाला बैठकीला यायचं एसटीचं भाडं हवं असेल, कुणाला शिलाई मशीन, कुणाला वेल्डिंगचं हेल्मेट, कुणाला फक्त एक मालक. त्यातलं जे तुमच्याकडे असेल ते घेऊन जा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करा.